चाकणच्या पलीकडची वनं: अभयारण्य, सफारी आणि पर्यटनाचा आढावा

चाकणची औद्योगिक वसाहत खेड तालुक्यात आहे आणि भीमाशंकर अभयारण्याचा एक मोठा तुकडाही खेड तालुक्यातच आहे. एका टोकाला मोटारींचे कारखाने, दुसऱ्या टोकाला शेकरूचं रान, आणि मधल्या पट्ट्यात ऊस, कांदा, बटाटा, धरणांचे फुगवटे आणि बिबटे. मार्च २०२२ मध्ये चाकणच्या मर्सिडीज-बेंझच्या कारखान्यात बिबट्या शिरला. वन विभाग आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातल्या पथकाने काही तास खपून त्याला बेशुद्ध केलं आणि बाहेर काढलं. त्या दिवशी ही बातमी नवलाची म्हणून छापली गेली. वन विभागाच्या लेखी मात्र त्यात फारसं नवल नव्हतं, कारण खेड तालुका जुन्नर वन विभागात येतो आणि बिबट्यांच्या बाबतीत हा राज्यातला सर्वांत गजबजलेला भाग आहे.

वन्यप्राणी दाखवून या भागात पर्यटन वाढवावं का, वाढवायचं तर जंगलात की कुंपणात, आणि त्याचा पैसा कुणाकडे जावा, हा वाद वीसेक वर्षं चालू आहे. कधी तो भीमाशंकरच्या रस्त्याच्या निमित्ताने पेटतो, कधी बिबट सफारी जुन्नरला की बारामतीला यावरून, तर कधी एखाद्या मुलाचा बळी गेल्यावर. बोलणारे पक्ष अनेक आहेत आणि प्रत्येकाच्या म्हणण्यात तथ्य आहे. म्हणूनच हे भिजत घोंगडं कुठवर आलंय, ते एकदा सलगपणे पाहिलेलं बरं.

पार्श्वभूमी

१९७० मध्ये पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महापालिका. त्यानंतर तीन वर्षांनी, १९८५ मध्ये भीमाशंकर अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र १३०.७८ चौरस किलोमीटर. पुणे, ठाणे आणि रायगड अशा तीन जिल्ह्यांत विभागलेलं. पुण्याच्या बाजूला खेड आणि आंबेगाव, घाटाखाली मुरबाड आणि कर्जत. म्हणजे शहर आणि अभयारण्य जवळपास एकाच वेळी वाढीला लागले, आणि दोघांनीही एकमेकांचा विचार न करता आपापल्या सीमा आखल्या.

तिसरी गोष्ट या दोघांच्या मध्ये घडली, ती पाण्याची. कुकडी प्रकल्पातली येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही धरणं, शिवाय भीमेवरचं चासकमान आणि भामेवरचं भामा आसखेड. कोरडवाहू शिवारात बारमाही पाणी खेळलं आणि ऊस आला. ऊस वर्षभर उभा असतो, त्यात दाट आडोसा मिळतो, गावात कुत्री, डुकरं आणि शेळ्या असतात. बिबट्याच्या दृष्टीने राहण्या-खाण्याची आयती सोय झाली. बिबट्या जंगलातून गावात येतो, असं आपण सहज बोलून जातो. जुन्नर, आंबेगाव, शिरूर आणि खेडच्या बागायती पट्ट्यात मात्र त्याच्या कित्येक पिढ्या उसातच जन्मल्या आणि उसातच वाढल्या.

भीमाशंकर: देवाचं रान, आदिवासींचं रान, सरकारचं रान

भीमाशंकरला बहुतेक लोक देवदर्शनाला जातात. बारा ज्योतिर्लिंगांपैकी हे एक. मंदिराच्या शिखराचं काम नाना फडणविसांनी केल्याचं सांगतात, आणि १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर चिमाजी अप्पांनी आणलेली पोर्तुगीज घंटा तिथे टांगलेली आहे. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्रीला पार्किंगपासून मंदिरापर्यंत एसटीच्या फेऱ्या लावाव्या लागतात. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची गर्दी, आणि भोसरी-पिंपरीतल्या कारखान्यांची सुट्टी गुरुवारी म्हणून त्या दिवशी आपल्या भागातली.

अभयारण्य मात्र जाहीर झालं ते शेकरूसाठी. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी; शेपटीसकट जवळपास मीटरभर लांब, पाठ तांबूस-तपकिरी, पोट फिकट पिवळसर. कर्नल साइक्स यांनी १८३१ मध्ये पश्चिम घाटातल्या या उत्तरेकडच्या जातीला एल्फिन्स्टनचं नाव दिलं. गव्हर्नरचं नाव खारीला! १९८० च्या दशकात रेनी बोर्जेस यांनी भीमाशंकरमध्ये राहून शेकरूच्या आहाराचा अभ्यास केला. शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही. या झाडावरून त्या झाडावर झेप घेत तो आपला इलाखा फिरतो आणि फांद्यांच्या टोकाला, जिथे जड शत्रू पोचू शकत नाही अशा ठिकाणी, काटक्या-पानांची एकाहून अधिक घरटी बांधतो. त्यामुळे झाडांचे शेंडे एकमेकांना भिडलेले असणं ही त्याची पहिली गरज. रस्ता दोन-चार मीटरने रुंद झाला की माणसाला फरक जाणवत नाही. शेकरूचा मात्र इलाखा दोन तुकड्यांत फाटतो. भीमाशंकरच्या रस्त्यांवरचा वाद एवढा चिवट का, याचं उत्तर इथे आहे.

हे जंगल टिकलं ते सरकारच्या अधिसूचनेच्या कितीतरी आधीपासून. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला आणि आहुप्यासारख्या गावांनी देवाच्या नावाने राखलेल्या रानांची नोंद केली. राखणारे होते महादेव कोळी आदिवासी. त्यांच्या घरखर्चात हिरड्याला मोठं स्थान आहे. बाळ हिरडा झाडावरून उतरवायचा, अंगणात वाळवायचा आणि पोत्यात भरून विकायचा; आंबेगाव, जुन्नर आणि खेडच्या पश्चिम भागात हेच नगदी पीक. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याची झाडं उन्मळली तेव्हा भरपाईसाठी लोकांना आंदोलनं करावी लागली, कारण शेताच्या पंचनाम्यात हिरडा बसत नव्हता.

कायद्याची गुंतागुंत इथून सुरू होते. फेब्रुवारी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानांमधून वाळकं लाकूड, गवतसुद्धा नेण्यावर बंदी घातली. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याने अभयारण्यातल्या रहिवाशांचेही वैयक्तिक आणि सामूहिक हक्क मान्य केले. एका बाजूला बंदी, दुसऱ्या बाजूला हक्क. मधल्या काळात गावकरी आणि वनरक्षक यांच्यातली तू तू मी मी चालूच राहिली. पर्यटकांची वर्दळ वाढली तेव्हा स्थानिकांचा प्रश्न साधा होता: आम्हाला हिरड्यासाठी हटकता आणि बाहेरच्यांच्या शेकडो गाड्या आत सोडता, हे कुठलं संरक्षण?

वन विभागाची बाजूही लक्षात घ्यायला हवी. मंदिर अभयारण्यात असलं तरी भाविकांना अडवता येत नाही आणि अडवणं योग्यही नाही. विभागाच्या हातात उरतात ते किरकोळ उपाय: प्लॅस्टिकवर बंदी, ठरावीक ठिकाणी पार्किंग, पावसाळ्यात कोंढवळच्या धबधब्यासारख्या धोक्याच्या जागा बंद करणं. घाटाखालच्या खांडसहून गणपती घाट आणि शिडी घाटाने चढणाऱ्या ट्रेकर्सना पावसात आवरणं हा वेगळाच व्याप. त्यातच तीर्थक्षेत्र विकासाचे आराखडे येतात. त्यांत रस्ते, पायऱ्या आणि भक्तनिवास असतात. झाडांचे शेंडे कुठे तुटतील याचा नकाशा मात्र क्वचितच असतो.

अभयारण्याच्या सीमेबाहेरचा वाद वेगळा. गाडगीळांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गटाने २०११ मध्ये अहवाल दिला. त्यात भीमाशंकर परिसरातल्या डोंगरमाथ्यांवर पवनचक्क्यांसाठी झालेल्या रस्त्यांची आणि जंगलतोडीची दखल घेतली होती. पवनऊर्जा म्हटलं की ती निसर्गाच्या बाजूचीच असणार असा समज. इथे ती शेकरूच्या रानातून गेली. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक संरक्षित क्षेत्राभोवती किमान एक किलोमीटरचा संवेदनशील पट्टा ठेवायला सांगितलं, आणि एप्रिल २०२३ मध्ये ही सरसकट अट शिथिल केली. पट्ट्यात येणाऱ्या गावांना धास्ती वाटते की उद्या घर बांधायला, विहीर खणायला परवानगी मागावी लागेल. पर्यावरणवाद्यांचं म्हणणं, पट्टा नसेल तर अभयारण्याच्या कुंपणाला लागूनच फार्महाउसचे प्लॉट पडतील. दोन्ही भीती निराधार नाहीत. प्लॉटिंगच्या जाहिराती राजगुरुनगर-वाडा रस्त्यावर पाहायला मिळतात.

उसातला बिबट्या

भीमाशंकरचा वाद मंदगतीचा. बिबट्याचा वाद मात्र माणसाच्या जिवाचा आहे, त्यामुळे तो थंड डोक्याने फारसा झालाच नाही.

२००१ नंतरच्या दोन-तीन वर्षांत जुन्नर वन विभागात माणसांवरचे हल्ले एकाएकी वाढले. विभागाने पिंजरे लावले, शंभरावर बिबटे पकडले आणि त्यांतले कित्येक लांबच्या जंगलांत नेऊन सोडले. लोकांना हायसं वाटलं, पण हल्ले थांबले नाहीत. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी याचा हिशेब मांडला, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९३ ते २००१ या काळात वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. पकडून सोडण्याची मोहीम सुरू झाल्यावर ती सरासरी १७ वर गेली. ओळखीच्या मुलखातून उचललेला, पिंजऱ्यात माणसांच्या गर्दीत काही दिवस काढलेला आणि परक्या रानात सोडलेला बिबट्या अधिक धोकादायक ठरू शकतो, असा त्यातला निष्कर्ष.

याच गटाने शेजारच्या अकोले तालुक्यात कॅमेरे लावून पाहिलं. जिथे दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसं राहतात, तिथल्या शेतीपट्ट्यात दर शंभर चौरस किलोमीटरला जवळपास ५ प्रौढ बिबटे आढळले. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरला विहिरीतून काढलेल्या एका नराला रेडिओ कॉलर लावून माळशेज घाटात सोडलं. तो सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालत मुंबईच्या वेशीवर गेला. त्याच्यावर पुढे ‘आजोबा’ हा मराठी चित्रपट निघाला. या संशोधनाने एक गोष्ट पक्की झाली: बिबट्यासाठी अभयारण्य पुरेसं नाही आणि त्याला ते लागतंच असंही नाही.

ऊसतोडीच्या हंगामात, डिसेंबर-जानेवारीत, याचं रोजचं रूप दिसतं. तोडणी करणाऱ्यांना फडात डोळेही न उघडलेली पिल्लं सापडतात. पूर्वी ती उचलून नेली जायची, आणि मग मादी गावाभोवती घिरट्या घालायची. आता तेवढ्या तुकड्याची तोड थांबवतात, वन विभागाला कळवतात, पशुवैद्य पिल्लं तपासतो आणि संध्याकाळी त्याच जागी एका क्रेटमध्ये ठेवून माणसं मागे सरतात. बहुतेक वेळा रात्रीतून मादी येऊन एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र वन विभाग आणि वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था २००७ पासून मिळून चालवतात. परत सोडता न येणारे जायबंदी किंवा हल्लेखोर बिबटे तिथे आयुष्यभर राहतात. अशा प्राण्यांची संख्या वाढत गेली आणि पिंजरे अपुरे पडू लागले.

इतकं शिकूनही २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात काही आठवड्यांत तीन जणांचा बळी गेला. त्यांत दोन लहान मुलं होती. लोकांचा संताप अनावर झाला, मंचरला महामार्ग अडवला गेला, वन विभागाच्या मालमत्तेला आग लावली गेली. अखेर विभागाने बिबट्याला गोळी घातली. बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असला तरी मानवी जीवाला धोकादायक ठरलेल्या प्राण्याला मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. त्यानंतर नसबंदीचा प्रयोग, काही बिबटे गुजरातेतल्या वनतारा केंद्रात पाठवणं असे उपाय पुढे आले. गावकऱ्यांची जुनी मागणी याहून साधी आहे: शेतीला दिवसा थ्री-फेज वीज द्या, म्हणजे रात्री उसाला पाणी द्यायला जायची वेळ येणार नाही. मृताच्या कुटुंबाला आता २५ लाख रुपये मिळतात, पण घरातलं पोर गेलेल्या माणसासमोर या आकड्याचा उल्लेखही कुणी करू धजत नाही.

सफारी: कुणाला का हवी

अशा वातावरणात बिबट सफारीची कल्पना पुढे आली. ठरलेल्या क्षेत्राला उंच कुंपण, आत निवारा केंद्रातले बिबटे, आणि बंद गाडीतून पर्यटकांची फेरी. आधी बारामती तालुक्यातल्या गाडीखेलचं नाव निघालं, तेव्हा जुन्नरकर खवळले. बिबट्याचा त्रास आमच्या वाट्याला आणि तिकिटाचा गल्ला बारामतीला, हे कसं चालेल? पुढे जुन्नर तालुक्यातलं आंबेगव्हाण हे ठिकाण ठरलं. जुन्नरला राज्य सरकारने २०१८ मध्ये पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलंच होतं. शिवनेरी, नाणेघाट, लेण्याद्री आणि ओझरच्या जोडीला सफारी आली की मुक्कामी पर्यटक वाढतील, हे गणित.

समर्थकांचे मुद्दे कमी लेखण्यासारखे नाहीत. माणिकडोहच्या पिंजऱ्यांतल्या बिबट्यांना मोकळी जागा मिळेल. ज्या तरुणांना चाकणला कंत्राटी नोकरीसाठी रोज साठ-सत्तर किलोमीटर जावं लागतं, त्यांना गावातच गाइड, ड्रायव्हर, खानावळ यांतून काम मिळेल. आणि लोकांना बिबट्याचा काही उपयोग दिसला तर त्याच्याबद्दलचा राग ओसरेल.

आक्षेप घेणाऱ्यांचा रोख मुख्यतः शेवटच्या मुद्द्यावर आहे. कुंपणातले चाळीस-पन्नास बिबटे दाखवल्याने उसातले बिबटे कमी होणार नाहीत. ज्या शिवारातून प्राणी उचलला तिथे दुसरा येऊन बसतो, हा अनुभव. दुसरी शंका अशी की सफारीला प्राणी लागतात म्हणून पकडण्याचा मोह वाढेल. वाघांच्या सफारीबाबत, कॉर्बेटच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये याच धोक्याकडे बोट दाखवलं आणि सफारीत प्राणिसंग्रहालयातले नव्हे, तर त्याच परिसरातले जखमी, अनाथ किंवा संघर्षातून आलेले प्राणीच असावेत असं बजावलं. या कसोटीला जुन्नरची योजना उतरू शकते, कारण तिच्या दाराशी निवारा केंद्र आहे. माझ्या मते तिची खरी कमजोरी वेगळी आहे: नुकसान सोसणारी गावं चार तालुक्यांत पसरलेली, आणि उत्पन्न देणारं फाटक एकाच गावात.

माळरान आणि शहरातले पिंजरे

पुणे वन विभागाने २०२३ मध्ये इंदापूरचं कडबनवाडी आणि बारामतीचं शिर्सुफळ इथे गवताळ सफारी सुरू केली. लांडगा, तरस, चिंकारा, खोकड. ठरावीक गाड्या, आगाऊ नोंदणी, स्थानिक गाइड. प्राणी दिसेलच याची हमी नाही, आणि तीच तिची गंमत आहे. माळरानाला सरकारी कागदांत ‘पडीक’ म्हणत आल्याने तिथे खड्डे खणून झाडं लावण्याची हौस अजून जात नाही. गवत पाहायला पैसे देऊन माणसं येतात, हे दाखवून देणं हे या सफारीचं मोठं काम. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य तर अवघं ५.१४ चौरस किलोमीटरचं, तरी चिंकारा तिथे टिकून आहे. शिरूर तालुक्यातली मोराची चिंचोली अभयारण्यही नाही. गावाने मोर सांभाळले, शेतकऱ्यांनी कृषी पर्यटन केंद्रं काढली, आणि चाकण-भोसरीची कुटुंबं पिठलं-भाकरीसाठी तिकडे जाऊ लागली.

शहराच्या आत चित्र फिकं आहे. चिंचवडच्या संभाजीनगरमधलं निसर्गकवी बहिणाबाई चौधरी प्राणिसंग्रहालय सर्पोद्यान म्हणून सुरू झालं. नूतनीकरणासाठी ते वर्षानुवर्षं बंद राहिलं. मोशीला सफारी पार्क करण्याची चर्चाही जुनीच. तोवर या शहरातली शाळेची सहल कात्रजला जाते.

दक्षिण आफ्रिकेचा दाखला किती लागू

जंगल सफारीचा विषय निघाला की दक्षिणेकडच्या आफ्रिकी देशांचं उदाहरण हटकून येतं. २०२२ मध्ये नामिबियातून ८ आणि पुढच्या वर्षी दक्षिण आफ्रिकेतून १२ चित्ते कुनोला आल्यापासून तर अधिकच. त्या देशांकडे दाखवण्यासारखं पुष्कळ आहे. क्रुगर राष्ट्रीय उद्यान १९२६ मध्ये झालं. त्याच्या उत्तर भागातून १९६९ मध्ये हुसकावलेल्या माकुलेके समाजाला १९९८ मध्ये जमिनीची मालकी परत मिळाली. त्यांनी ती जमीन उद्यानातच ठेवली आणि तिथल्या पर्यटनाचं उत्पन्न मात्र आपल्याकडे घेतलं. नामिबियाने १९९६ मध्ये कायदा बदलून गावसमूहांना त्यांच्या भूमीवरच्या वन्यजीवांतून मिळणाऱ्या उत्पन्नाचा हक्क दिला. बोत्स्वानाने पर्यटक थोडे आणि दर चढे, हे धोरण धरलं.

पण तुलनेची मर्यादा एका आकड्यात कळते. नामिबियात दर चौरस किलोमीटरला तीन-चार माणसं राहतात. २०११ च्या जनगणनेनुसार पुणे जिल्ह्यात ६०३. नामिबियातल्या सामूहिक उत्पन्नात शिकारीच्या परवान्यांचा मोठा वाटा असतो, जो आपल्या कायद्यात बसत नाही. क्रुगरच्या मोठ्या भागाला कुंपण आहे. उसाला ते घालता येत नाही. चढे दर लावले तर भीमाशंकरच्या भाविकाचं काय, हा प्रश्न तिकडे कधी पडलाच नाही. घेण्यासारखी गोष्ट आहे ती माकुलेकेची: जमिनीवरचा हक्क आधी मान्य झाला, आणि हक्क मिळालेल्या लोकांनी ते रान मोडलं नाही. आपल्याकडे असं घडलेलं नाही असं नाही. डिंभे धरणात जमिनी गेलेल्या आदिवासींनी ‘शाश्वत’ संस्थेच्या साथीने त्याच जलाशयात मासेमारीची सहकारी व्यवस्था उभी केली. त्या कामाला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. पर्यटनात तसा प्रयोग या तालुक्यांत मोठ्या प्रमाणावर झालेला नाही.

जे सुटलेलं नाही

पहिला प्रश्न मोजणीचा. भीमाशंकरच्या रस्त्याला आणि रानाला दिवसाला किती गाड्या झेपतात, याचा आकडा ठरवून त्याप्रमाणे गाड्या थांबवल्या जात नाहीत. ताडोब्याच्या फाटकावर गाड्या मोजून सोडतात, पण तिथे वाटेत ज्योतिर्लिंग नाही. श्रद्धेला कोटा लावता येतो का, यावर बोलायला कुठलाच पक्ष तयार नाही. वाहनांना लावता येतो, यावर मात्र बोलता येईल.

दुसरा, बिबट्यांची संख्या नेमकी किती हवी आणि ते कोण ठरवणार. नसबंदीचे समर्थक म्हणतात, पिढ्या आटोक्यात येतील. अभ्यासकांना शंका आहे की मोकळ्या फिरणाऱ्या प्राण्यांत पुरेशा माद्या पकडून शस्त्रक्रिया करणं व्यवहारात जमेल का. उत्तर प्रयोगानंतरच मिळेल आणि त्याला काही वर्षं लागतील. तोवर पिंपरखेडच्या आयांना थांबा म्हणणं कुणालाही सोपं नाही.

तिसरा रस्त्यांचा. नाशिक महामार्ग रुंद होतोय, त्यावर बिबटे गाड्यांखाली येतात. पुणे-नाशिक रेल्वेचा मार्ग खोडदच्या महादुर्बिणीच्या आक्षेपामुळे बदलायची वेळ आली. बिबट्याच्या वाटेचा आक्षेप मात्र कुठल्याच आराखड्यात तितक्या वजनाने आला नाही. दुर्बिणीच्या पाठीशी एक नामवंत संस्था आहे, एवढाच काय तो फरक.

चौथा आणि मला सर्वांत निकडीचा वाटणारा प्रश्न पैशाचा. वाहनतळाचं शुल्क, सफारीचं तिकीट, उद्या येणाऱ्या आंबेगव्हाणच्या फाटकाचा गल्ला, यातला किती हिस्सा कुठल्या गावाला, हे प्रकल्प उभा राहण्याआधी लेखी ठरलेलं नाही. पिंपरखेड शिरूरमध्ये, आहुपे आंबेगावमध्ये, भोरगिरी खेडमध्ये आणि फाटक जुन्नरमध्ये. या चारही तालुक्यांतल्या गावांचा वाटा आधी ठरावा आणि दरवर्षीचा हिशेब ग्रामसभेच्या फळ्यावर लागावा. एवढं झालं तर सफारीला असलेला निम्मा विरोध मावळेल, असं मला वाटतं. उरलेला निम्मा बिबट्याबद्दलचा आहे आणि त्याचं उत्तर सफारीत नाही.

भीमाशंकरला पर्यटक म्हणून जाणाऱ्यांनी श्रावणी सोमवार टाळले तर दर्शनही नीट होतं आणि शेकरूही दिसतो. सकाळी लवकर, मंदिरामागच्या पायवाटांवर, मान वर करून. आणि चाकण, महाळुंगे, आळंदी परिसरात दुसरी-तिसरी पाळी करून दुचाकीवरून उसाच्या कडेने घरी जाणाऱ्यांसाठी: बिबट्या दिसला तर मोबाइलवर चित्रीकरण करत थांबू नका, गर्दी जमवू नका, १९२६ या वन विभागाच्या क्रमांकावर फोन करा.